मेलेल्यानं उठून हसायचं

राजाजीनगर, बेंगलोर
२२ ऑक्टोबर १९९६

शालन,

तुझ्या अण्णाचा आशीर्वाद आणि त्याच्या जोडीला माफी. दोन महिने साधं कार्ड टाकलं नाही. तुला वाटलं असेल, म्हातारा आजारी पडला की काय. आजारी नाही, कामाला लागलोय. सहासष्टाव्या वर्षी!

गेल्या महिन्यात एक हिंदी सिनेमावाली मंडळी दुकानात आली. एकाहत्तरच्या लढाईवर सिनेमा काढतायत. लष्करी धाटणीचे दोनशे चाळीस कपडे हवे होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बेळगावच्या कॅम्पात बावीस वर्षं जवानांचे कपडे शिवलेला एक शिंपी राजाजीनगरात पडून आहे. पोरानं दुकान रेडिमेडचं केल्यापासून माझं मशीन कोपऱ्यात धूळ खात होतं. दुसऱ्या दिवशी त्याला तेल घातलं आणि हजर झालो. आता पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये मी हेडटेलर आहे. हाताखाली पाचजण. दोन कानडी, दोन तमिळ, एक उर्दू बोलणारा. सगळे मला अण्णा म्हणतात, आणि घाई झाली की "स्वल्प बेगा, अण्णा", जरा लवकर, असं मलाच बजावतात.

आतल्या गमती सांगतो. कुणाला सांगू नकोस, नाहीतर लोकांची सिनेमा बघायची मजा जाईल.

नवा कपडा नवा वापरतच नाहीत. मी एकेक काज डोळ्यांत तेल घालून करतो, आणि दुसऱ्या टोकाला एक बाप्या तोच शर्ट चहाच्या पाण्यात उकळतो, कोपरांवर वीट घासतो, वर रस्त्यावर टाकून लॉरीखाली घालतो. म्हणतो, "लढाईत इस्त्री असते का, अण्णा?" सरी, बरोबर बाबा, तुझंही खरं. बंदुका फक्त पहिल्या रांगेच्या खऱ्यासारख्या, मधल्या रांगेच्या लाकडी, आणि अगदी मागच्यांच्या हातात रंगवलेल्या काठ्या. रणगाडा म्हणजे प्लायवूडचं खोकं चढवलेली लॉरी. परवा ऐन हल्ल्यात ड्रायव्हरच्या कोपराचा धक्का लागून तिचा हॉर्न वाजला आणि दोन्ही सैन्यं पोट धरून हसली.

दोन्ही सैन्यं म्हणजे माणसं तीच. सकाळी आपली, जेवण झालं की शत्रूची. मल्लाप्पा म्हणून एक आहे, आमच्याच भागातला, मागडी रोडला राहतो. सकाळी गोळी घालतो आणि दुपारी तीच गोळी खातो. मढं व्हावं तर मल्लाप्पानं. डोळ्याजवळ माशी बसली तरी पापणी हलत नाही.

आयुधपूजेला तर काय थाट! कॅमेऱ्याला हार, माझ्या मशीनला कुंकू, लाकडी बंदुकांनाही हळदकुंकू. आणि एक रीत मला फार आवडली. पडद्यावर जो मरतो त्यानं शॉट संपला की लगेच उठायचं, कॅमेऱ्याकडे तोंड करायचं आणि हसायचं. कॅमेरा तेवढा वेळ चालू ठेवतात. मरण तिथंच सांडून जावं, अंगाला चिकटून घरी येऊ नये म्हणून. न हसता गेलं तर अशुभ मानतात. मोठमोठे हिरोही हसतात.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक जवानाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, तीही हिंदीत. मी सांगितलं, आमच्या वेळी लढाईत असं नाव मिरवत जाताना मी कुणाला पाहिलं नाही. डायरेक्टर म्हणाले, पब्लिकला कळायला नको का कोण आहे ते? नागरी अक्षर वळणदार काढणारा शेडमध्ये मी एकटाच. तेव्हा दोनशे चाळीस नावं माझ्या गळ्यात. शंभरेक नावांनंतर डोकं रिकामं झालं. मग आपल्या आळीतले, बेळगावचे, शाळेतले, जे आठवतील ते सैन्यात भरती केले. चौथीतल्या आपल्या मास्तरांनासुद्धा शिपाई केलं!

आणि एका शर्टावर दाजींचं नाव घातलं. बाकीच्यांना नुसतं आडनाव. दाजींचं मात्र पूर्ण, दोन ओळींत. सूर्यकांत माळवदे. तो शर्ट मी कुणाला शिवू दिला नाही. कापडही चांगल्या ताग्यातलं घेतलं. डिसेंबरात त्यांना बेपत्ता होऊन पंचवीस वर्षं होतील. म्हटलं, कुठंतरी त्यांचं नाव चालताना दिसू दे.

दिवाळीला इकडं ये. तुझी वहिनी वाट बघते.

तुझा,
नागनाथअण्णा

*

निपाणी
३१ ऑक्टोबर १९९६

अण्णा,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा शेजारच्या वसुमतीअक्कांनी. मास्तरांना शिपाई केलंस हे वाचून अक्कांना ठसका लागला.

ह्यांचं नाव घातलंस ते बरं केलंस की वाईट, मला अजून ठरवता येईना. दिवसभर बीड्या वळताना तेच डोक्यात होतं. शेवटी मनाशी म्हटलं, अण्णानं घातलंय म्हणजे मायेनंच घातलं असणार. फक्त एवढं बघ. तो शर्ट ज्याच्या अंगावर जाईल त्याला सकाळीच ठेव. दुपारी शत्रूत घालू नका. आणि त्याला चालता ठेव. पळू दे, बसू दे, पाणी पिऊ दे. पाडू नकोस.

लोक मला आडून हसतात ते मला कळतं. सरकारी कागदात बेपत्ता लिहिलंय, मेला असं लिहिलेलं नाही. म्हणून मी कुंकू लावते. पंचवीस वर्षं लावते. कुणाच्या घरी बोलावतात, कुणी टाळतात. टाळणाऱ्यांचाही राग नाही.

दिवाळीला येणं जमणार नाही. तुला ठाऊक आहे, मी घराला कुलूप लावत नाही. एका रात्रीसाठीसुद्धा नाही. दार बंद बघून कुणी मागे फिरलं तर?

भाऊबीजेची ओवाळणी म्हणून ह्यांचा चालतानाचा एखादा फोटो मिळाला तर पाठव. म्हणजे त्या शर्टवाल्याचा. कळलं ना मला काय म्हणायचंय ते?

शालन

*

राजाजीनगर
५ डिसेंबर १९९६

शालन,

उत्तराला उशीर झाला. होसकोट्याच्या पलीकडच्या मैदानावर शूटिंग चाललंय, पहाटे गाडीत बसायचं ते अंधार पडल्यावर घरी. अंगात थोडी कणकणही होती. आता बरा आहे.

तुला रक्ताची गंमत सांगायची राहिली. साखरेचा पाक आणि लाल रंग. मेलेली माणसं पाच मिनिटं पडली की मुंग्या रांग लावतात. बर्फ दाखवायचा तर मीठ आणि साबणाचा फेस; एकदा वारा सुटला आणि अख्खा हिमालय शेजारच्या नाचणीच्या शेतात जाऊन बसला. शेतकरी काठी घेऊन आला, त्याच्यापुढं दोन्ही सैन्यांनी पळ काढला. गोळीचं भोक पाडायचं तर आधी किसणीनं कापड विरवायचं, मग पेटत्या बीडीनं भोक पाडून कड काळी करायची. बीडी निपाणीचीच लागते म्हणतात, सिगारेट फार सभ्य जळते.

धूर टायर जाळून करतात. वहिनी म्हणते माझ्या अंगाला गॅरेजचा वास येतो.

दाजींचा शर्ट मागच्या रांगेत चालतोय. फोटोचं बघतो, इथं फोटो काढायला फार कडक आहेत.

थंडी आहे, जप.

अण्णा

*

निपाणी
१९ जानेवारी १९९७

नागनाथअण्णा,

संक्रांतीचं हळदकुंकू वसुमतीअक्कांकडं होतं. मी गेले. अक्का दरवर्षी मला पहिलं बोलावतात. आत बायका बसल्या होत्या. मग एकीनं पदराआडून रविवारचा पेपर काढला आणि म्हणाली, "शालन, हे बघितलंस काय? तुझ्या मालकांचंच नाव हाय न्हवं?"

सिनेमाचं पान होतं. त्यावर फोटो. चिखलात एक माणूस उताणा पडलेला, डोळे उघडे, छातीवर तीन भोकं. भोकांच्या वर तुझं अक्षर. सूर्यकांत माळवदे. तुझा 'य' मी अंधारातही ओळखीन, त्याची शेपटी तू शाळेत असल्यापासून लांब काढतोस.

अक्का वाणाचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "ये बाई, कुंकू लावते." पण त्यांचा हात थांबला, अण्णा. अर्धाच क्षण थांबला. इतक्या वर्षांत अक्कांचा हात कधी थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघी जणी भेटायला आल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, सहजच. सहज आलेली माणसं जमिनीकडं बघत बसत नाहीत.

तू मला लिहिलंस मागच्या रांगेत चालतायत. सरकारनं पंचवीस वर्षांत जे केलं नाही ते तू केलंस. तू त्यांना मारलंस. आणि ती भोकं निपाणीच्या बीडीची. कदाचित मीच वळलेली असेल.

मला दुसरं काही नको. समजूत घालू नकोस. तू पहिल्या पत्रात एक रीत लिहिली होतीस, मेलेल्यानं उठून हसायचं ती. तो माणूस हसला का? एवढंच कळव.

शालन

*

राजाजीनगर
२५ जानेवारी १९९७

शालन,

तुझं पत्र वहिनीनं वाचून दाखवलं. मला फोटोच्या ओळीनंतर वाचवेना.

झालं ते सगळं सांगतो. एकवीस नोव्हेंबरचा दिवस. मोठ्या हल्ल्यानंतरचं मैदान दाखवायचं होतं. डायरेक्टर म्हणाले, एक मेलेला जवान अगदी जवळून पाहिजे. मल्लाप्पा ठरलेलाच. कपडेवाल्यानं दहा-बारा शर्ट पुढं ठेवले. साहेबांनी त्यातला एक उचलला, शिवण बघितली, कॉलर बघितली आणि म्हणाले, "हा. हाच फक्त कुणीतरी घातल्यासारखा वाटतो. नावही पूर्ण आहे." मी मायेनं शिवला म्हणूनच तो उठून दिसला, शालन. बाकीच्यांसारखा घाईत शिवला असता तर ढिगातच राहिला असता.

आणि शर्ट माझ्याच हातात दिला, भोकं पाडायला.

मी तोंड उघडायला पाहिजे होतं. पट्टी उसवून दुसरी लावायला मला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. पण दीडशे माणसं चिखलात ताटकळत होती, ऊन उतरत चाललं होतं, आणि सगळे "बेगा, बेगा" म्हणून ओरडत होते. मी घाबरलो. या वयात परत कोपऱ्यात जाऊन बसायला लागेल म्हणून घाबरलो. किसणी घेतली, बीडी पेटवली आणि तीन भोकं पाडली. तीही सरळ रेषेत पडली. कामाची सवय फार वाईट.

तुझं पत्र आल्यावर डायरेक्टरना हात जोडले. तो तुकडा काढा म्हटलं, माझ्या बहिणीचं कुंकू आहे त्यात. चांगला माणूस आहे, खुर्चीवरून उठून उभा राहिला. पण म्हणाला, "काका, अख्ख्या सिनेमात तेवढा एकच शॉट खरा वाटतो. तो मला कापता येणार नाही."

तू विचारलंस ते. हो, मल्लाप्पा हसला. शॉट संपल्यावर उठला, कॅमेऱ्याकडं बघून हसला. काळजी करू नकोस.

तुझा अपराधी,
अण्णा

*

राजाजीनगर
२८ जानेवारी १९९७

शालन,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितो. तीन दिवस जेवण गोड लागेना. वहिनी म्हणाली, एकदा खोटं लिहिलंत ते भीतीनं, दुसऱ्यांदा कशानं लिहिलंत?

तो हसला नाही.

शॉट संपायला आणि आभाळ भरून यायला एक गाठ पडली. उजेड गेला. कुणीतरी "पॅकअप" म्हणून ओरडलं, कॅमेरा बंद झाला, ताडपत्र्या ओढल्या, सगळे गाड्यांकडं पळाले. मल्लाप्पा चिखलातून उठला, शर्ट काढून पेटीत टाकला आणि बससाठी धावला. मी तिथंच होतो. मला रीत आठवली होती. मी त्याला थांबवलं नाही.

त्यानंतर तो कामावर आलेला नाही. ताप आहे म्हणतात. शेडमधले लोक एकमेकांकडं बघतात आणि विषय बदलतात.

माझ्याकडं आणखी काही लपवलेलं उरलं नाही.

अण्णा

*

निपाणी
६ फेब्रुवारी १९९७

अण्णा,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमननं ती हातात दिली तेव्हा वरचं आधी उघडलं, ते दुसरं होतं. म्हणून तुझं खोटं मला खरं कळल्यावर वाचायला मिळालं. बरंच झालं.

राग आहे. जाईल तेव्हा जाईल. तोवर एक गोष्ट सांगते, ती मी तुलाही कधी सांगितली नाही.

एकाहत्तरला हे महिन्याच्या रजेवर आले होते. एकोणीस दिवस झाले आणि तार आली. अकरा दिवस बाकी होते. स्टँडवर पोचवायला मी गेले, सासरे गेले. आमची अहल्या पाच महिन्यांची, माझ्या खांद्यावर झोपलेली. ह्यांची ट्रंक बसच्या टपावर चढेना. हे वर बघत, दोरी ओढत राहिले, ट्रंक चढते न चढते तेवढ्यात बस सुरू झाली. हे तसेच पळत आत चढले. माझ्याकडं बघायचं राहूनच गेलं. मला वाटलं एक हाक मारावी. बघितलं असतं रे त्यांनी. खिडकीतून तोंड काढून हसले असते, हसरेच होते ते. पण सासरे शेजारी उभे. नवऱ्याला नावानं हाक कशी मारायची, आणि चारचौघांत "अहो" तरी कसं म्हणायचं? मी हाक मारलीच नाही. बस वळणापर्यंत दिसत होती.

पंचवीस वर्षं मला त्यांचा चेहरा आठवतो तो वर बघणारा. मानेच्या शिरा ताणलेला. हसरा आठवतच नाही.

तेव्हा तू असं कर. त्या माणसाला शोध. त्याच्या घरी त्याची बायको असेल, तिच्याही जिवाला घोर लागला असेल. तोच शर्ट त्याला घाल, नाव तेच राहू दे, आणि त्याला हसव. मग पट्टी उसवून मला पाठव. तू बिघडवलंस, तूच नीट कर. शिंपी आहेस ना?

शालन

*

राजाजीनगर
११ मार्च १९९७

शालन,

तुझं पत्र खिशात घालून मागडी रोडला गेलो. आतल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर मल्लाप्पाची खोली. तो भिंतीला टेकून बसला होता, निम्मा झालेला. त्याची बायको शिवलीला दार अडवून उभी. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि कानडीत म्हणाली, "सिनेमावाले? आता काय उरलंय न्यायला?"

मल्लाप्पा म्हणाला, "आत येऊ दे गं, आमचे अण्णा आहेत." मग मला म्हणतो, "हसायचं राहिलं म्हणून ताप येत नाही, अण्णा. दोन तास गार चिखलात पडलो म्हणून आला. डॉक्टरनं छातीत कफ सांगितला, औषध दिलं, आता उतारही पडलाय. पण हिला कोण सांगणार? ही रोज सकाळी माझ्या नाकापुढं हात धरून बघते."

शिवलीला म्हणाली, "बघणारच. मी तुमच्याबरोबर चिखलात नव्हते."

मी तुझं पत्र तिला कानडीत करून सांगितलं. सगळं. बसचं, ट्रंकेचं, हाकेचं. मग उठून तिनं चुलीवर कॉफी ठेवली. त्या घरात माझी ती पहिली कॉफी.

आता कॅमेरा कुठून आणायचा? आमच्याकडं उपेंद्र म्हणून पुण्याचा एक असिस्टंट कॅमेरामन आहे. त्याला गाठलं. त्यानं आधी मान हलवली. "काका, डायरेक्टरना कळलं तर मी परत पुण्याला." मग माझं तोंड बघून म्हणाला, "रिळाच्या शेवटी शेपटं उरतात. वीस-तीस सेकंदांची. ती तशीही फुकटच जातात. शेवटच्या दिवशी जेवायच्या सुट्टीत या. दोन मिनिटं. जास्त नाही."

शेवटचा दिवस तीन दिवसांपूर्वीच झाला, आठ तारखेला. पेटीतून शर्ट काढला. भोकं रफू करावीशी वाटली, सुई-दोरा घेऊनही गेलो होतो. उपेंद्र म्हणाला, राहू द्या काका, जसा मेला तसाच उठला पाहिजे. बरोबर होतं त्याचं. मल्लाप्पा त्याच जागी आडवा झाला. चिखल वाळून भेगा पडलेल्या. कॅमेरा सुरू झाला. उपेंद्र म्हणाला, "हं, उठा आणि हसा."

आणि शालन, त्याला हसता येईना! उठून बसला, कॅमेऱ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि तसाच. चेहरा दगड. माणसाला वीस वर्षं न हलायची सवय. मी खुणा करतोय, उपेंद्र दात काढून दाखवतोय, "स्वल्प हसा, स्वल्प," आणि रीळ सरसर संपत चाललेलं. त्याला घाम फुटला. म्हणाला, "जमत नाही अण्णा, कॅमेरा बघितला की मी मरतोच." आणि खरंच परत आडवा झाला. डोळे उघडे. पेपरातल्या फोटोत होता तसा, हुबेहूब. म्हटलं संपलं. आता दोनदा मारला.

शिवलीला मागं डब्याची पिशवी घेऊन उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कॅमेऱ्याच्या मागं उभं राहायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. ती सरळ पुढं आली आणि मोठ्यानं ओरडली, "मल्लाप्पा! किती वेळ पडणार? मुद्दे गार होतायत!"

नाचणीचे मुद्दे गं, उकडीचे गोळे, डब्यातले. पण नवऱ्याला नावानं हाक! दीडशे माणसांसमोर! सगळे जेवताना थांबले. मल्लाप्पा ताडकन उठून बसला. आधी तिच्याकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं, आणि जो हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसला. उपेंद्र डोळा काचेला लावून "मिळालं, मिळालं" म्हणत होता तोवर रीळ संपलं. शिवलीला पदरात तोंड घालून उभी. रडत होती की लाजली होती ते मी विचारलं नाही.

फिल्म मद्रासला धुवायला जाते. उपेंद्रनं धुऊन आलेल्या प्रिंटमधून एक तुकडा कापून आज सकाळीच आणून दिला. सोबत पाठवतोय. बारा चौकटी आहेत. पडद्यावर त्या अर्ध्या सेकंदात संपतात, पण हातात धरल्या तर हव्या तेवढ्या वेळ राहतात. कडेला धर, मध्ये बोट लावू नकोस. खिडकीच्या उजेडात बघ. चष्मेवाल्याकडून भिंग मिळालं तर नावही वाचता येईल.

नावाची पट्टीही आहे. उसवताना एकही धागा तुटू दिला नाही. सिनेमातला तो मेल्याचा शॉट मात्र राहणार आहे, शालन. ते माझ्या हातात नाही. पुढल्या वर्षी तो पडद्यावर येईल तेव्हा निपाणीच्या थेटरातही येईल. त्या दिवशी तू म्हणशील तिथं मी येऊन बसेन. तुझ्या दारात बसेन.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. मागायला तोंड नाही म्हणून इथं लिहीत नाही.

अण्णा

*

निपाणी
१९ मार्च १९९७

अण्णा,

पाकीट पोचलं. भिंग अक्कांच्या मुलानं आणून दिलं.

खिडकीत धरून बघितलं. हा माणूस ह्यांच्यासारखा अजिबात नाही. कपाळ अरुंद, पुढचा एक दात पडलेला, वयानं माझ्या तेव्हाच्या सासऱ्यांच्या जवळ आलेला. पहिल्या दोन चौकटींत तो बाजूला बघतोय. कुणाकडं ते आता मला ठाऊक आहे. तिसरीपासून तोंड सुटतं. बारावीत सगळे दात दिसतात, आणि खाली तुझा लांब शेपटीचा 'य'.

हे मेलेल्या माणसाचं हसू नाही रे. कामावरून सुटलेल्या माणसाचं हसू आहे. रजा मंजूर झालेला माणूस असा हसतो. हे घरी यायचे तेव्हा फाटकातून असेच यायचे. मी विसरले होते. इतकी वर्षं मला वाटायचं, स्टँडवरचंच तेवढं माझ्याकडं आहे.

अहल्या माहेरी आली आहे. तिनं भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "आई, बाबा असे होते का?" मी म्हटलं, नाही, पण हसायचे असे. मग तिनं पट्टी हातात घेतली आणि म्हणाली, वाच बघू. मी वाचली. मोठ्यानं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. एकदा वाचल्यावर दुसऱ्यांदा वाचायला जड गेलं नाही. तिसऱ्यांदा तर मी दारात उभी राहून हाकच मारली. समोरच्या ओट्यावरून अक्का बघत होत्या. कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि मला कुंकू लावलं. या वेळी हात थांबला नाही.

तो सिनेमा येईल तेव्हा येऊ दे. मी बघायला जाईन. तो पडला की बाकीच्या लोकांना वाटेल संपला. मला ठाऊक असेल की पुढं तो उठतो.

तुझ्यावरचा राग अजून थोडा आहे. तो तुझ्या तोंडावर काढायचा आहे, पत्रात मावत नाही. शिवलीलाला भेटायचं आहे आणि तिच्या हातचे मुद्दे खायचे आहेत. बीडीच्या वखारीत मी सुट्टी सांगितली. मुकादम म्हणाला, शालनबाई, पंचवीस वर्षांत तुम्ही कधी सुट्टी घेतली नाही, आता किती दिवस? मी म्हटलं, अकरा. ह्यांची तेवढीच राहिली होती.

रविवारच्या गाडीनं निघते. स्टँडवर घ्यायला ये. घराला कुलूप लावणार आहे. किल्ली अक्कांकडं ठेवली आहे. कुणी आलंच, तर त्याला आत बसवून चहा द्यायचा आणि सांगायचं, शालन रजेवर गेली आहे, येते.

शालन